हात कमरेकडे जाता कामा नये

वणी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

"नमस्कार दादा. मी कापसाची खरेदी करतो. दिवाळी ते होळी रोज फटफटीवर मारेगाव, झरी, पांढरकवड्याकडची गावं फिरतो. शेतकऱ्याला अजूनही काही पैसे रोख द्यावे लागतात. दोन वर्षांमागे आमच्यातल्याच एकाला संध्याकाळच्या वेळी रस्त्यात अडवून लुटलं. तेव्हापासून घरचे मागे लागले आणि मी रीतसर परवाना काढून .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. आता अडचण आहे पट्ट्याची. पहिला आठवडी बाजारातून साडेतीनशेला घेतला, 'ओरिजिनल लेदर' म्हणून. चार महिन्यांत भोकं लांबली, वरची साल निघाली. मग ऑनलाइन तो बिनभोकाचा, कटकट सरकणारा मागवला. फटफटीवर बसलो की तो सुटतो. आता चुलतभावानं दिलेला फौजेतला कापडी पट्टा लावतो, तोही मुडपतो. आवळून बांधला तर संध्याकाळी उजव्या मांडीला बाहेरून मुंग्या येतात. बायको म्हणते, तुम्ही दिवसभर पॅन्टच ओढत असता. पोरगा म्हणते, बाबा, शर्टातून दिसते. होल्स्टर (शस्त्र ठेवायचं म्यान) आहे, पण पोट दाबते म्हणून बरेचदा नुसतंच नेफ्यात खोचतो. घरच्या काट्यावर वजन केलं, गोळ्या धरून ७६० ग्रॅम भरलं. चामड्याचा घेऊ का नायलॉनचा? दोन हजारांपर्यंत तयारी आहे."

भाऊ, पट्ट्याचं सगळं सांगतो. पण "नुसतंच नेफ्यात खोचतो" हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. ते आजपासून बंद करा. उद्यापासून नाही, आजपासून.

नेफ्यात खोचलेल्या रिव्हॉल्व्हरच्या ट्रिगरवर कसलंच आवरण नसतं. शर्टाचं टोक, किल्ल्यांचा जुडगा, जॅकेटच्या दोरीची गाठ, काहीही ट्रिगरच्या कड्यात शिरू शकतं. नळीचं तोंड कुठं असतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि पोट जरा आत घेतलं की ते शस्त्र पॅन्टच्या पायातून खाली जायला मोकळं. कायद्याचंही ऐका. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत न्यायचं. ते पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. उघडं नेलं, मिरवलं, तर परवाना रद्द होऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे शस्त्र झाकून नेणं ही हौस नाही, परवाना हातात ठेवायची अटच आहे. पोरगा "शर्टातून दिसते" म्हणाला ना, ते हसण्यावारी नेऊ नका. त्यानं तुम्हाला वेळेत सांगितलं.

बायकोचं म्हणणं तर त्याहून मोलाचं. मी पोलिस दलात बरीच वर्षं कोतात काढली, म्हणजे जिथं शस्त्रं ठेवतात, देतात-घेतात, साफ करतात तिथं. साध्या कपड्यातल्या माणसाच्या कमरेला काही आहे की नाही हे आम्ही शर्टाचा फुगवटा बघून ओळखत नव्हतो. हात बघायचो. ज्याच्या कमरेला वजन आहे आणि पट्टा ढिला आहे, त्याचा हात दर पाच मिनिटांनी तिकडे जातो. खुर्चीतून उठला की जातो, गाडीवरून उतरला की जातो, कोणाच्या पाया पडून सरळ झाला की जातो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. आम्हाला जे दिसायचं ते लुटणाऱ्यालाही दिसतं, आणि मग तो पैशाच्या पिशवीआधी तुमच्या कमरेवर झडप घालतो. पट्टा चांगला की वाईट याची माझी कसोटी एवढीच: सकाळी लावला की रात्री काढेपर्यंत हात कमरेकडे गेला नाही पाहिजे.

आता तुमचे तिन्ही पट्टे का हरले ते बघू.

रिव्हॉल्व्हरचं वजन पट्ट्यावर सरळ खाली येत असतं तर कुठलाही पट्टा चालला असता. पाऊण किलो म्हणजे काही पोतं नव्हे. पण वजन कमरेच्या बाहेरच्या अंगाला लटकतं आणि त्यातही जड भाग, म्हणजे गोळ्या बसतात ती चक्री आणि मूठ, पट्ट्याच्या वरच्या काठाशी असतो. त्यामुळे ते पट्ट्याला नुसतं खाली ओढत नाही, बाहेर लोळवतं. पट्टा रुंदीत मऊ असला की वरचा काठ बाहेर वळतो, मूठ अंगापासून सुटते आणि शर्टाला आतून टोचते. तुमच्या पोराला दिसलं ते हेच. तुम्हाला वाटलं पट्टा सैल आहे, म्हणून तुम्ही एक भोक आवळलं. आवळल्यानं पोट दाबलं गेलं, पण पट्टा वळायचा काही थांबला नाही. कारण अडचण घट्टपणाची नव्हतीच, ताठपणाची होती. ताठ पट्टा सैलसर बांधला तरी वजन तोलतो. मऊ पट्टा कितीही आवळा, तो वळणारच.

मांडीच्या मुंग्याही त्यातूनच आलेल्या दिसतात. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी एक शीर मांडीच्या बाहेरच्या बाजूला उतरते. पट्टा तिथं रोज आवळला की ती दबते आणि मांडीला बाहेरून बधिरपणा, जळजळ, मुंग्या असं सुरू होतं. पट्टा सैल केल्यावर पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि पट्टा कसा बांधत होतात तेही त्यांना सांगा.

बाजारातला साडेतीनशेचा पट्टा चामड्याचा नव्हताच म्हणा. चामड्याचा भुगा डिंकात मळून त्याची पट्टी पाडतात, वर रेक्झिनची पातळ साल चिकटवतात, त्यावर नक्षीचा शिक्का मारतात. चामड्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून चामडं तुटत नाही. भुग्यात तो गुंता राहत नाही. भोकाच्या काठाला आधार नसल्यानं ते लांबत जातं आणि एक दिवस दोन भोकं एक होतात. बिनभोकाच्या पट्ट्यात आतून दातेरी पट्टी असते आणि बकलातलं एक खिटं त्या दातात अडकतं. शर्ट-पॅन्ट घालून ऑफिसात बसणाऱ्याला तो बरा. पण कापसाची तूस, वावरातली काळी माती, कोळशाच्या ट्रकांचा धुरळा, हे सगळं त्या दातांत बसतं आणि खिटं अर्धवटच अडकतं. फटफटी खड्ड्यात आदळली की सुटतं. या जातीतही लोखंडी खिट्याचे, जाड पट्ट्याचे चांगले मिळतात, पण तुमच्या रस्त्यांवर माझं मन त्यांना धजत नाही. भावाचा फौजी पट्टा मजबूत आहे, तुटणार नाही, पण तो एकेरी विणीचा. तो बनलाय विजार धरायला. ओढायला दणकट आणि वळायला मऊ.

ज्या दिवसापासून मी पट्ट्याकडे गंभीरपणे बघायला लागलो तो दिवस सांगतो. एका यात्रेचा बंदोबस्त होता, साध्या वेषात. वैशाखातलं ऊन. सकाळपासून घामानं पट्टा भिजून चिंधीसारखा झाला होता. दुपारी शौचाला गेलो. आपल्याकडे बसायचं म्हणजे उकिडवं. बकल सोडलं, खाली बसलो, आणि होल्स्टरचं वजन मोकळ्या पट्ट्यावर आलं. पट्टा उलटा झाला, होल्स्टर तोंडावर पडलं, रिव्हॉल्व्हर सरकून फरशीवर. मी ते पडता पडता धरायला हात घातला. माझं नशीब की ते हाताला लागलं नाही. पडणारं शस्त्र कधी धरायला जाऊ नये, पडू द्यावं, कारण घाईत जे बोट आधी पोहोचतं ते ट्रिगरवरच पोहोचतं. हे मी शिकाऊ पोरांना दहादा सांगितलेलं होतं. तरी हात गेलाच. त्या दिवशी संध्याकाळी मी तो पट्टा कापून टाकला, पुन्हा कोणी उचलून लावू नये म्हणून.

म्हणून उकिडवं बसायची वेळ आली तर एवढं करा. पॅन्ट मांडीपर्यंतच उतरवा आणि बकल परत लावून घ्या, म्हणजे पट्टा मांड्यांवर ताठ राहतो आणि होल्स्टर उभं राहतं. शस्त्र काढून खिडकीत, खुंटीवर, टाकीवर ठेवायचं नाही. असं ठेवलेलं लोक विसरतात. बसस्टँडच्या संडासात विसरून आलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्याचा परत धावत जातानाचा चेहराही.

चामडं की नायलॉन? तुमच्यासाठी चामडं. तुमचा हंगाम थंडीचा आहे, घाम कमी, पाऊस नाही. आणि चामड्याचा पट्टा आपल्या भागात करून मिळतो, बिघडला तर दुरुस्तही होतो. नायलॉनचा घ्यायचा तर दोन पदरी, आत ताठ पट्टी शिवलेला घ्यावा लागतो. तो घामानं कुजत नाही, धुता येतो, भर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चामड्याला भारी पडतो. पारा ४५ वर गेल्यावर चामड्याच्या पट्ट्यावर मिठाचे पांढरे डाग उठतात आणि आषाढात त्याच्यावर बुरशी धरते, हे खरं आहे. पण दोन हजारांत एकच घ्यायचा, तर चामड्याचा घ्या. बाराही महिने फिरायची वेळ आली तर पुढं दुसरा नायलॉनचा जोडा.

तयार पट्टा घेण्यापेक्षा करून घ्या. वणीत, यवतमाळात, नागपूरला इतवारी-सीताबर्डीकडे चामड्याचं काम करणारे जुने हात अजून आहेत. त्यांच्याकडे गेलात की म्हशीचं चामडं मागा, साल-हिरड्यात कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, म्हणून ते ताठ असतं. क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक होतं. ते पर्सला, जॅकेटला छान. तुम्हाला नको. आणि पट्टी पाठीच्या भागातून कापायला सांगा, पाठकण्याच्या अंगानं, लांबीत. पोटाकडचं चामडं सैल असतं, ते ताणतं. पोटाकडची पट्टी नवी असताना तुम्हाला फरक कळणार नाही, दोन महिन्यांनी पट्टा दोन भोकं लांब झालेला असेल. कारागिराला हे सगळं माहीत असतं. तुम्ही नेमकं मागितलं की त्यालाही बरं वाटतं, रोज कोण मागतं!

पट्टा दुपदरी करायचा. दोन पट्ट्या मागल्या बाजू एकमेकींवर ठेवून चिकटवायच्या आणि दोन्ही काठांनी मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्यानं शिवायच्या. नुसत्या चिकटवलेल्या नकोत, घामानं सुटतात. जाडी दोन्ही मिळून पाच मिलिमीटरच्या आसपास, रुंदी दीड इंच. दीडच का, तर बहुतेक होल्स्टरच्या क्लिपा आणि कड्या दीड इंची पट्ट्याच्या हिशेबानं केलेल्या असतात. सव्वा इंची पट्ट्यावर होल्स्टर डुलतं. पावणेदोन इंची तुमच्या पॅन्टच्या लुपांतून जाणार नाही.

बकल एका काट्याचं, साधं, भरीव पितळेचं किंवा स्टीलचं. चमकणारं ओतीव बकल मिळतं ते बहुधा जस्ताच्या मिश्रणाचं असतं, वर मुलामा. ते वाकत नाही, एकदम तडकतं. पितळ असेल तर आतल्या बाजूला सुरीनं बारीक ओरखडा मारा, आतही पिवळंच निघालं पाहिजे. बकल पट्ट्याला स्क्रूनं जोडलेलं असलं तर स्क्रू ढिले होतात. घरातलं नेलपॉलिश थेंबभर लावून आवळा, बसतात. शिवून घेतलं तर ती काळजीच नाही. भोकं सात पाडायला सांगा, आणि एकेक इंचावर नको, पाऊण इंचावर. जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं पोट एक नसतं. इंचावर भोकं असली की तुम्ही एकतर आवळता नाहीतर ढिलं सोडता.

तयार पट्टाच घ्यायची वेळ आली तर दुकानात त्याला आडवा धरा. एका टोकाशी बकलापाशी हात, काठ खाली-वर, म्हणजे पट्टा जमिनीवर उभा ठेवलेल्या फळीसारखा. हातभर पुढं सोडलेला पट्टा मान टाकतो का बघा. मग दोन्ही हातांत वीतभर धरून ओलं कापड पिळतो तसा पिळा. सहज पिळला गेला तर परत द्या. मग कापलेला काठ उजेडात धरा. रंग फासून काठ झाकला असेल तर भोकाच्या आत बघा, तिथं रंग पोहोचत नाही. आत पुठ्ठा दिसतो, करडा भुगा दिसतो की धाग्याधाग्याचं चामडं दिसतं, ते लगेच कळतं. "ओरिजिनल लेदर" हा शिक्का कोणीही मारू शकतो, भोकातलं लपवता येत नाही.

आणि पट्टा बघायला जाताना रिव्हॉल्व्हर घेऊन जाऊ नका. दुकानात काढून दाखवणं म्हणजे परवान्यावर पाणी सोडणं. तुमच्याकडे तराजूची वजनं आहेत ना? ५०० चं आणि २०० चं, वर ५० चं. फडक्यात घट्ट गुंडाळा, होल्स्टरमध्ये भरा. जवळपास तेवढंच वजन झालं. ते लावून दुकानातच पाच वेळा उकिडवे बसा-उठा. पंगतीला बसतो तशी मांडी घाला. पायरीवरून उडी मारा. खाली वाकून जमिनीला हात लावा. हे सगळं करून झाल्यावर तुमचा हात कमरेकडे गेला का, हे बरोबर आणलेल्या माणसाला बघायला सांगा. वहिनींना न्या. त्यांची नजर या कामात तयार झालेली आहे.

होल्स्टर पोटाला दाबतं म्हणता, म्हणजे तुम्ही ते पुढं लावता. ते मागं न्या. उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागं, जिथं पॅन्टचा मागचा खिसा सुरू होतो तिथं. मांडी घालून बसणाऱ्या माणसाला पुढं लावलेलं शस्त्र सोसत नाही, आणि वाकला की नळी मांडीवर किंवा जांघेत रोखली जाते. एकदम पाठीच्या मध्यावरही नको. फटफटीवरून उताणे पडलात तर लोखंडाचा तुकडा थेट मणक्यावर. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि वरून बटणाची पट्टी असलेलं हवं. असलं नसेल तर पट्ट्याआधी तेच बदला, त्यात हयगय नको.

एक खर्च तुमच्या हिशेबात नसेल, टेलरचा. शिलाईच्या पॅन्टीला टेलर लुपा लांब लांब लावतो. कमरेच्या उजव्या अंगाला दोन लुपांमध्ये वीतभर मोकळी जागा असते आणि नेमकं तिथंच वजन येतं. कितीही चांगला पट्टा असला तरी तिथं पॅन्ट एकटी खाली ओढली जाते. टेलरला सांगा, होल्स्टर बसतं तिथं अलीकडे-पलीकडे एकेक लुप जास्तीची लावून दे, दुहेरी शिलाईची, पावणेदोन इंचाची. होल्स्टर पॅन्टच्या आत लावत असाल तर कंबर दीड-दोन इंच वाढवून घ्या. पोट दाबण्याचं निम्मं दुखणं इथंच बरं होईल. पायजमा किंवा नाडीच्या विजारीवर शस्त्र लावायचं नाही. वर कितीही लांब सदरा असू द्या, आत धरायला काही नसतं. सदऱ्याची हौस असेल तर खाली पॅन्ट घाला. शर्ट बाहेर सोडलेला, जरा जाड कापडाचा, चौकड्याचा घेतला की उरलासुरला फुगवटाही दिसत नाही. पांढऱ्या पातळ शर्टात सगळं दिसतं, आणि आपल्याकडे व्यापारी माणसाला पांढराच आवडतो. हंगामापुरता तो बाजूला ठेवा.

नवा पट्टा पहिले आठ-दहा दिवस टोचेल. घरीच लावून हिंडा, तराजूची वजनं भरून. चामडं कमरेचा घाट धरतं आणि मग जड वाटेनासं होतं. त्याला तेल पाजायचा मोह होईल. आपले जुने लोक मोटेला तेल पाजत. पण मोट मऊ पाहिजे होती, पट्टा ताठ पाहिजे. तेल मुरलं की दुपदरी पट्टाही लोंबायला लागतो. रोज रात्री कोरड्या फडक्यानं घाम पुसा, सावलीत लटकवा, चुलीजवळ नाही, उन्हात नाही. महिन्यातून एकदा बिनरंगाचं पॉलिश हलक्या हातानं, बस. पावसाळ्यात पेटीत गुंडाळून ठेवू नका, हवेवर टांगा. बुरशी धरलीच तर कोरड्या ब्रशनं झाडून दोन दिवस सावलीत वाळवा. दर दिवाळीला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, बकलाजवळची घडी नीट बघा. पट्टा तुटतो तो बहुधा तिथंच, बाहेरून दिसत नाही, आतल्या बाजूनं चीर जाते. चीर दिसली की पट्टा रोजच्या पॅन्टला द्या आणि या कामाला नवा करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी लिहितो, कारण तुमच्या घरच्यांची काळजी मला पत्रातून जाणवली. जेवढी रोकड खात्यावर वळवता येईल तेवढी वळवा. ज्यांना रोखच हवी त्यांच्याकडे दुपारच्या आत जा. संध्याकाळची फेरी रिकाम्या खिशानं करा, आणि वाट रोज तीच धरू नका. लग्नाच्या हंगामात, वरातीत, दारूच्या बैठकीत शस्त्र घरी कुलपात. कोणी कितीही आग्रह केला की "भाऊ, एक बार होऊन जाऊ द्या", तरी नाही म्हणा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात आणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि ती गोळी कुठंतरी खाली पडतेच.

मापाचं राहिलं. कमरेचा घेर पॅन्टच्या आकड्यावरून सांगू नका, तो आकडा खोटा असतो. रोजची पॅन्ट घाला, होल्स्टर त्याच्या जागी लावा, आत तराजूची वजनं भरा, आणि लुपांमधून टेलरची टेप फिरवा. जेवून झाल्यावर. जो आकडा येईल तो बकलाच्या काट्यापासून मधल्या, म्हणजे चौथ्या भोकापर्यंतचा. पट्ट्याच्या पूर्ण लांबीचा नव्हे. कारागिराला हेच सांगायचं विसरतात आणि पट्टा आखूड होतो. चिठ्ठीवर लिहून न्या: मधल्या भोकापर्यंत इतके इंच, रुंदी दीड, दुपदरी, पाठीचं चामडं, भोकं सात, पाऊण इंचावर. दोन हजारांत हे बसायला हरकत नाही, टेलरचे पैसे वेगळे धरा. आणि तयार होईपर्यंत भावाचा फौजी पट्टा लावायचाच असेल तर तो नुसत्या पॅन्टला लावा. रिव्हॉल्व्हर तोवर कपाटात, गोळ्या वेगळ्या खोलीत.